फुटकी कुंडी, गळता नळ आणि अंगणातली बाग

(सुवर्ण महोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा शब्दांकित पाठ)



तत्त्वचिंतन, समाजाचा इतिहास, आरोग्य अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत ‘घरच्या बागेची डागडुजी आणि टाकाऊतून शोभिवंत कुंड्या’ हे पान संयोजकांनी वाढले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार. हा रिकाम्या वेळेच्या हौसेचा विषय आहे, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. पुण्या-मुंबईत तो तसा असेलही. आपल्या पिंपळगाव रेणुकाईत मात्र तो पाण्याचा विषय आहे.

जालना जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही प्रत्येक वर्षी पदरात पडेलच असे नाही. २०१२-१३ चा दुष्काळ येथे बसलेल्या बहुतेकांनी भोगलेला आहे. पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या घरात अंगणातल्या मोगऱ्याच्या वाट्याला काय येणार? म्हणून बाग कशी फुलवावी याआधी आहे ते पाणी कोठून निसटते, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

साधा हिशेब करू. नळाचा वायसर झिजून सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. एका मिलिलिटरला वीस थेंब धरले तरी हे सव्वाचार लिटरहून अधिक पाणी झाले. महिन्याचे सुमारे १३० लिटर. वैशाखातल्या उन्हातही बारा इंची कुंडीला दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी पुरते. म्हणजे एका गळक्या नळात तीन कुंड्यांचे आयुष्य वाहून जाते. जे पाणी आपण दुहेरी वस्त्राने गाळून घेतो, अपकायाच्या जीवांची आठवण ठेवून वापरतो, तेच रात्रभर मोरीतून गटारात जात असते. वायसर काही रुपयांत मिळतो. पाना, थोडा टेफ्लॉन टेप आणि दहा मिनिटे एवढेच लागते. मुख्य कॉक आधी बंद करावा, इतकेच सांगणे पुरे.

आता कुंडीकडे वळू. मातीची कुंडी तडकली की आपण कुंभाराला किंवा कुंडीला दोष देतो. आपल्या भागात बहुधा दोष आतल्या मातीचा असतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. शेताला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा हाच तिचा पुरावा. हीच माती निव्वळ कुंडीत भरली, तर प्रत्येक पाण्याबरोबर ती आतून कुंडीच्या भिंतीला रेटत राहते. शेवटी एके दिवशी कुंडी उभी चिरते. उलट माती वाळली की ती भिंतीपासून सुटते, आणि आपण घातलेले पाणी मुळांना न शिवता फटीतून सरळ खाली निघून जाते. ‘पाणी घालते, तरी झाड सुकते’ या आपल्या भगिनींच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे सापडते. तेव्हा कुंडी सांधण्यापूर्वी तिच्यातली माती बदलावी. एक भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम, असे मिश्रण आपल्याकडे बरे चालते. हे केले नाही तर सांधलेली कुंडी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तडकेल.

सांधण्याची रीत सोपी आहे. तडा बारीक असून कुंडी अखंड असेल, तर काठाखाली जस्ताची तार गुंडाळून पकडीने पीळ द्यावा. मग कुंडी तासभर पाण्यात भिजवावी, कारण कोरडी भाजलेली माती सिमेंटमधले पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. एक भाग सिमेंट व तीन भाग बारीक चाळलेली वाळू कालवून तडा आतल्या बाजूने भरावा, वर ओले गोणपाट घालावे आणि कुंडी सात दिवस सावलीत ओली ठेवावी. हे काम सायंकाळी करावे. आपल्या दुपारच्या उन्हात सिमेंट पकडण्याआधीच वाळते. ओले सिमेंट हाताची त्वचा खाते, म्हणून रबरी हातमोजे असावेत. कुंडीची दोन शकले झाली असतील तर रीत उलटी. तेथे दोन दिवस कडक ऊन देऊन पूर्ण वाळलेल्या कडा एम-सीलसारख्या लांबीने जोडाव्यात आणि सुतळीने आवळून चोवीस तास हलवू नयेत. सिमेंटला ओल हवी आणि लांबीला कोरडेपणा, हा भेद ध्यानात ठेवला की अर्धे काम झाले.

आणि कुंडीचे इतके तुकडे झाले की जोडणे शक्य नाही, तर जोडू नये. एका बाजूने फुटलेली कुंडी तशीच ठेवून तिचीच खापरे आत आडवी-उभी रोवली, तर पायऱ्या-पायऱ्यांची छोटी टेकडी तयार होते. त्या पायऱ्यांवर कोरफडीची पिल्ले किंवा ‘ऑफिस टाइम’ लावावे. दोन्ही कमी पाण्यात तग धरतात. उंची विकत घेतलेल्या कुंडीला हे रूप येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुंडीच्या तळाच्या भोकाविषयीही एक गैरसमज आहे. तळाशी खडीचा जाड थर दिला की पाणी लवकर निथळते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. ओल थराच्या वरच अडकते आणि मुळांना मिळणारी जागा मात्र कमी होते. भोकावर एक पालथे खापर पुरते. कुंडी विटेच्या तीन तुकड्यांवर उचलून ठेवावी. त्याने भोक मोकळे राहते. शिवाय खाली ओल साचत नसल्याने गोम, गोगलगाय, मुंग्या आश्रयाला येत नाहीत आणि कुंडी हलवताना कोणी चिरडले जात नाही. ज्याला आपण जयणा म्हणतो, ती या तीन तुकड्यांनी पुष्कळशी साधते.

आपले गाव हिरव्या मिरचीची बाजारपेठ म्हणून दूरवर ओळखले जाते. मिरचीच्या शेतीतून निघणारे टाकाऊ सामान हे आपल्या बागेचे मोठे भांडार आहे, पण तिकडे आपले लक्ष जात नाही. ठिबकच्या जुन्या लॅटरल नळ्या, शेडनेटचे फाटके तुकडे, रोपवाटिकेचे ट्रे, मोडके क्रेट, गोणपाट हे सारे कोठे ना कोठे पडलेले असते. लॅटरल जेथे फुटली तेथे कापावी, दोन्ही टोके मिनिटभर गरम पाण्यात धरावीत आणि मऊ झाल्यावर जॉइनर बसवावा. ड्रिपर क्षारांनी चोंदले असतील तर लिंबाच्या रसात रात्रभर भिजवून धुवावेत. नळीचे शेवटचे टोक उघडून अधूनमधून गाळ वाहू द्यावा. ओट्यावर ठेवलेल्या बादलीतून अशी एक नळी दहा कुंड्यांपर्यंत नेता येते. मोडक्या क्रेटला आतून शेडनेटचे अस्तर दिले की कोथिंबीर-मेथीचा वाफा तयार. आपल्या घरांत कंदमुळे लागत नाहीत, तेव्हा खोल कुंड्यांचा खटाटोपही नाही. पालेभाजीला सहा-आठ इंच माती पुष्कळ होते.

येथे एक गोष्ट मुद्दाम आवाज चढवून सांगतो. कीटकनाशकाचा रिकामा डबा वा बाटली, तिच्यावरचा त्रिकोण लाल असो, पिवळा असो, निळा असो की हिरवा, कितीही धुतली तरी कुंडी म्हणून वापरू नये, झारी म्हणून वापरू नये, घरात आणूच नये. प्लॅस्टिकमध्ये मुरलेले विष साबणाने निघत नाही. रंगीत, सुबक आणि फुकट मिळतात म्हणून हे डबे मुलांच्या हाती लागतात. मिरचीच्या गावात हा धोका पुस्तकातला नाही.

त्याऐवजी पंधरा किलोचा तेलाचा डबा घ्यावा. धारदार कडा हातोडीने आत वळवून ठोकाव्यात, तळाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडावीत, आतून-बाहेरून रेड ऑक्साईडचा हात द्यावा. पत्रा उन्हात तापतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा मुळे अक्षरशः शिजतात. म्हणून डब्याला गोणपाट गुंडाळून सुतळीची वीण घालावी. शोभाही येते आणि गारवाही राहतो.

जुन्या टॉवेलची कुंडी हा प्रकार भगिनींना विशेष आवडतो. सिमेंटमध्ये पाणी घालून पिठल्याइतके दाट कालवण करावे, जुना जाड टॉवेल त्यात पूर्ण बुडवून हलकेच पिळावा आणि प्लॅस्टिक पांघरलेल्या पालथ्या बादलीवर चुण्या पाडत टाकावा. दुसऱ्या दिवशी घडीदार लुगड्यासारखी कुंडी उभी राहते. तळाला भोक पाडावे. सात दिवस ओली ठेवून नंतर दोन-तीनदा पाण्यात बुडवून ते पाणी फेकावे, म्हणजे सिमेंटचा खार निघून जाईल. हे न करता लगेच लावलेले रोप पिवळे पडते.

सजावटीबद्दल माझा एक आग्रह आहे. मातीच्या कुंडीला ऑइल पेंट देऊ नये. कुंडीच्या अंगातून पाणी बाहेर झिरपत असते. ते रंगाला मागून ढकलते आणि वर्षभरात पोपडे सुटतात. गेरू आणि चुना हे आपले जुने रंग भिंतीला श्वास घेऊ देतात. डिंकाच्या पाण्यात कालवलेल्या गेरूवर चुन्याने काढलेली रांगोळीची वेल मावळत्या उन्हात किती प्रसन्न दिसते! सिमेंटच्या कुंडीवर मात्र फुटक्या कपबशा, फरशीचे तुकडे, काचेच्या बांगड्या पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवाव्यात. चंदीगडला नेकचंद यांनी १९५७ पासून असेच तुकडे गोळा करून गुपचूप एक नगरी उभारली आणि १९७६ मध्ये ती ‘रॉक गार्डन’ म्हणून लोकांसाठी खुली झाली. आपल्याला एक कुंडी सजवायची आहे, तेव्हा फुटलेली बशी फेकण्यापूर्वी क्षणभर थांबायला हरकत नसावी.

आता ज्या भागाबद्दल मला सर्वाधिक काळजी वाटते, तो भाग. कुंडीखालच्या ताटलीत, रिकाम्या डब्यात, जुन्या टायरात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. एकदा अळ्या दिसू लागल्या की आपण पेचात सापडतो. पाणी फेकले तरी हिंसा, ठेवले तरी घरातल्या लेकराला ताप. म्हणून तो प्रसंग येऊच देऊ नये. ताटलीत वाळू भरावी किंवा ताटली काढूनच टाकावी, रिकाम्या कुंड्या पालथ्या ठेवाव्यात, आरोग्य खाते सांगते तो आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळावा. टायरच्या रंगीत कुंड्यांची सध्या चलती आहे. मी त्यांची शिफारस करत नाही. टायरच्या आतल्या खोबणीतले पाणी कधीच पूर्ण निघत नाही. ही सर्व कामे चातुर्मास बसण्यापूर्वी उरकावीत हे उत्तम, कारण आषाढानंतर प्रत्येक ओल्या वस्तूवर शेवाळ धरते आणि मग हात लावताना विचार करावा लागतो.

गच्चीवर बाग करणाऱ्या मंडळींनी वजनाचा विचार करावा. ओल्या मातीने भरलेला तेलाचा डबा वीस किलोच्या पुढे जातो. गावात अजून काही माळवदाची घरे आहेत. माळवदावर कुंड्या अजिबात नेऊ नयेत. स्लॅब असेल तर कुंड्या भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवर ठेवाव्यात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे आताच्या मुंबई पोर्ट प्राधिकरणाच्या, मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास भाज्या-फळांची बाग सुरू केली. स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून त्यांनी तेथेच माती घडवली. पालापाचोळ्याचे खत मातीपेक्षा पुष्कळ हलके असते, हा धडा गच्चीवाल्यांनी तेथून घ्यावा.

शेवटी माठाविषयी. दर उन्हाळ्याच्या अखेरीस घरोघरी जुना माठ टाकून दिला जातो. काठ उडालेला असो, पाणी पूर्वीसारखे गार होत नसो, तळ शाबूत असेल तर तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरावा, पाण्याने भरावा आणि वर झाकण ठेवावे. भोवतालची माती वाळेल तसे पाणी माठातून झिरपते, माती ओली असेल तेव्हा झिरपणे मंदावते. हिशेब माठ आपणहून ठेवतो. चीनमधील फॅन शेंग-ची शू या इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील शेतीग्रंथात ही रीत नोंदलेली आहे, आणि १९७० च्या दशकात कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत तिच्यावर शास्त्रीय प्रयोग झाले. माठाला रंग लावू नये, तेलकट हात लावू नये. बाहेरून क्षारांचा पांढरा थर चढला असेल तर नारळाच्या शेंडीने घासून काढावा. झाकण विसरू नये. त्याने बाष्पीभवन थांबते, डास येत नाहीत आणि कोणी जीव आत पडत नाही. हातभर अंतरात चार मिरच्यांची रोपे किंवा एक कढीपत्ता लावला, तर दोन-तीन दिवसांनी एकदा माठ भरणे पुरते.

सभागृहाबाहेरच्या ओट्यावर तारेने आवळलेली एक कुंडी, टॉवेलची एक आणि कुंडीत अर्धा पुरलेला एक जुना माठ ठेवला आहे. टॉवेलची कुंडी कालच साचावरून काढली असल्याने अजून ओली आहे. तिला बोट लावू नये, बाकीच्या दोन्ही उचलून, उलटून पाहाव्यात. ज्यांनी घरून तडकलेल्या कुंड्या आणल्या आहेत त्यांनी त्या चहापानानंतर तेथेच आणाव्यात. सिमेंट, चाळलेली वाळू आणि हातमोजे मांडून ठेवले आहेत.