युवा निधी चालू असताना काम लागलं तर

बेळगाव, निपाणीहून बेंगळुरूला आलेली मुलं मला हमखास विचारतात, "युवा निधी घेतोय आणि शनिवार-रविवार कामही करतोय. सांगायचं का?"

सांगायचं! कर्नाटक सरकार बेरोजगार पदवीधराला महिना 3,000 आणि डिप्लोमावाल्याला 1,500 रुपये देतं, फार तर दोन वर्षं. त्यासाठी 'मी बेरोजगार आहे' असं स्वयंघोषणापत्र पुन्हा पुन्हा भरावं लागतं. ते सवयीनं भरलं जातं, चूक होते ती तिथंच. स्टायपेंडवाली अप्रेंटिसशिपही चालत नाही, हे तर अनेकांच्या गावीच नसतं.

चूक कळली की पुढची घोषणा थांबवा. काम कधी लागलं, किती मिळाले, कोणते हप्ते आले, हे तारखांसह लिहून जिल्हा रोजगार विनिमय कार्यालयात द्या, पोच घ्या. अर्धवेळ काम नोकरीत धरायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या. तोवर ते हप्ते खर्चू नका.