बुद्धी, बीज आणि माग

(सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग कामगारांपुढे केलेले भाषण)



या वसाहतीतील टॉवेलच्या आणि चादरींच्या कारखान्यांत एक वाक्य वारंवार कानी पडते. 'पोराचं डोकं चालत नाही. आमच्या रक्तातच नाही, तर त्याच्यात कुठून येणार?' मालकाच्या तोंडी हे वाक्य असते, तर वर्गीय अहंकार म्हणून ते झटकून टाकता आले असते. परंतु बापच ते म्हणतो. आणि ते एकदा उच्चारले गेले की मुलाची शाळा सुटते; माग तर त्याची वाट पाहत उभाच असतो.

रक्तातच सारे लिहिलेले असते, हा समज या शहराला नवा नाही. इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गुन्हेगारी वंशपरंपरेने येते, हे त्यामागचे गृहीत होते. त्या कायद्याखाली सोलापुरात माणसांना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले आणि गिरण्यांना त्यांचे श्रम मिळाले. 1952 मध्ये कायदा रद्द झाला, तरी त्या वस्तीला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. शास्त्राने काही सिद्ध करण्यापूर्वीच सत्तेने निकाल दिला होता आणि त्या निकालाचा लाभ कोणाला झाला, हेही उघड आहे.

बुद्धीच्या बाबतीत असाच निकाल जर्मनीत दिला जात असताना एक मराठी विद्यार्थिनी तिथे होती. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या इरावती कर्वे विसाच्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. गोऱ्या युरोपीयांची बुद्धी श्रेष्ठ आणि तिची खूण कवटीच्या विषमतेत सापडते, असे फिशर यांचे अनुमान होते. कर्वे यांनी 149 कवट्या मोजल्या. वंश आणि कवटीची विषमता यांचा संबंध त्यांना आढळला नाही आणि त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. गुरूच्या मताविरुद्ध आकडे मांडणे सोपे नव्हते. पुढे 1933 मध्ये हिटलरच्या राजवटीने निर्बीजीकरणाचा कायदा केला. 'जन्मजात मतिमंदत्व' हे त्यातील एक कारण होते. सुमारे 4 लाख माणसे त्या कायद्याला बळी पडली.

आज कवट्या मोजल्या जात नाहीत, जनुके वाचली जातात. या शोधाला घाबरण्याचे कारण नाही. तो नीट समजून घेतला पाहिजे. व्यक्तिव्यक्तींच्या बुद्धीत जो फरक दिसतो, त्यात अनुवंशाचा वाटा आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बुद्धीचे असे एखादे जनुक नाही. 2022 मध्ये सुमारे 30 लाख लोकांची तपासणी प्रसिद्ध झाली. शिक्षणाच्या वर्षांशी निगडित असे जवळजवळ 4 हजार जनुकीय फरक तीत सापडले. जनुकांवरून काढलेल्या गुणांकाने शिक्षणातील तफावतीचा 12 ते 16 टक्के भागच उलगडला. सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा त्या गुणांकाचा प्रभाव निम्म्याच्या आसपास आला. म्हणजे जनुकांच्या खाती मांडलेले बरेच काही घराचे होते. शिवाय ही माणसे युरोपीय वंशाची होती आणि इतर समाजांना हा गुणांक लावला की त्याची अचूकता फार घटते.

'अनुवंशाचा वाटा' म्हणजे काय, हे या वसाहतीइतके कोठे सहज समजणार नाही. एका शेडमधले सगळे माग सारखे आणि चांगले राखलेले असतील, तर टॉवेला-टॉवेलांतील फरक बहुतांशी सुताचा असतो. म्हणून मागाला महत्त्व नाही, असे कोणी म्हणेल काय? शेजारच्या शेडमध्ये माग खिळखिळे असतील, तर तेच सूत तिथे वाईट कापड देईल. पहिल्या शेडचा हिशेब दुसऱ्या शेडला लागू होत नाही आणि दोन शेडमधील फरक तर त्यातून मुळीच कळत नाही. अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासात 2003 मध्ये हेच दिसले. सुस्थितीतील कुटुंबांत बुद्ध्यंकातील फरक मुख्यतः अनुवंशाचा निघाला. अत्यंत गरीब कुटुंबांत तो वाटा शून्याजवळ आला आणि घराच्या परिस्थितीचा वाटा मोठा ठरला.

तेव्हा या वसाहतीतल्या मुलाविषयी काही ठरवण्यापूर्वी त्याचा माग तपासला पाहिजे. त्याच्या गरोदर आईच्या जेवणात लोह आणि आयोडीन पुरेसे होते काय? विड्यांच्या पानांच्या सुपाशेजारी त्याला पुस्तक उघडायला जागा आहे काय? घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाला शाळेतले मराठी कोणी धीराने समजावून दिले काय? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही प्रयोगशाळेत नाहीत. ती नगरपालनाच्या अंदाजपत्रकात आणि मजुरीच्या दरात आहेत.

अनुवंशाचे संशोधन अवश्य चालू द्यावे. मात्र कोणाच्या मुलाने शिकावे आणि कोणाच्या मुलाने कांड्या भराव्यात, हे ठरवण्याचा अधिकार त्याला देता येणार नाही. आणि बापानेही तो आपल्या हाताने देऊ नये. येत्या जूनमध्ये मुलाचे नाव शाळेच्या पटावर राहील, एवढे प्रत्येकाने आज ठरवले, तरी पुरे.