फुटबॉलच्या मैदानातून लांब पल्ल्याच्या धावेकडे



कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील दोन तालुके. समुद्रकिनारा यांच्या वाट्यास आला नाही. आला तो सह्याद्रीचा पायथा, उल्हास व पाताळगंगा या नद्यांची खोरी, भाताची खाचरे आणि डोंगरउतारावरील ठाकूर व कातकरी बांधवांच्या वाड्या. वाडीपासून शाळेपर्यंतची चढ-उताराची वाट पायी तुडविणाऱ्या मुलांच्या अंगी काटकपणा लहानपणीच मुरतो. भातकापणी आटोपून खाचरे मोकळी झाली की याच काटकपणाला खेळाची वाट मिळते.

अशा खेळांत फुटबॉलचे स्थान मोठे आहे, कारण एका चेंडूवर वीस-बावीस मुले खेळू शकतात. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेतील काही सामने नवी मुंबईत झाले. त्या निमित्ताने त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी राज्यभर दहा लाख मुलांना चेंडूमागे धावविण्याचा उपक्रमही राबविण्यात आला. परंतु शाळा संपली की संघ विखुरतो. कोणी कारखान्यात जातो, कोणी लोकलने मुंबईची वाट धरतो. अकरा जण एकत्र येणे दुरापास्त होते आणि मैदानावर कमावलेली ताकद वाया जाऊ लागते. एकट्याला करता येतो असा व्यायाम म्हणजे धावणे. फुटबॉलपटूने लांब पल्ल्याच्या धावेकडे वळावे हा विचार येथूनच सुरू होतो.

ग्रामीण तरुणाच्या दृष्टीने या विचाराला पोटापाण्याचीही बाजू आहे. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस दलासाठी ही धाव ५ किलोमीटरची असते. वनरक्षक भरतीत पुरुषांसाठी ५ व महिलांसाठी ३ किलोमीटर अंतर असते. जाहिरात निघाली की गावोगावचे तरुण पहाटे रस्त्यावर उतरतात आणि वर्षाची तयारी महिन्यात उरकू पाहतात. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू ओढवला आणि त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. ही घटना विसरता येण्यासारखी नाही. धावणे हा साधा व्यायाम असला तरी तो घाईने करावयाचा व्यायाम नव्हे, हा तिचा धडा होय.

चांगल्या फुटबॉलपटूकडून ही घाई अधिक होण्याचा संभव असतो. नव्वद मिनिटांच्या सामन्यात मधल्या फळीचा खेळाडू साधारणतः दहा-अकरा किलोमीटर अंतर कापतो. तेव्हा दहा किलोमीटरच्या शर्यतीत अवघड ते काय, असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या दोन अंतरांची जात निराळी आहे. सामन्यात तो चालतो, मंद धावतो, क्षणभर झेप घेतो, थांबतो, वळतो. मध्यंतराची विश्रांतीही घेतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत असा विसावा नाही. तेथे एकच गती अखंड राखावी लागते, आणि प्रत्येक पावलाचा आघात त्याच हाडांवर, त्याच कंडरांवर हजारो वेळा पडतो. म्हणूनच पहिल्या किलोमीटरला सर्वांच्या पुढे धावणारा फुटबॉलपटू तिसऱ्या किलोमीटरला पाय ओढू लागतो.

यातील मर्म असे की, शरीराची सर्व अंगे एका वेगाने तयार होत नाहीत. हृदय, फुप्फुसे व रक्ताभिसरण काही आठवड्यांत सुधारतात. हाडे व कंडरा यांना अनेक महिने लागतात. फुटबॉलपटूजवळ दम आधीपासूनच असतो, त्यामुळे पाय तयार होण्यापूर्वीच तो लांबवर जाऊ शकतो. नडगी दुखणे, टाचेमागची कंडरा सुजणे, हाडास बारीक तडा जाणे हे विकार येथूनच उद्भवतात. दम हे त्याचे भांडवल खरे; परंतु ते पायांच्या बेताने खर्च केले पाहिजे.

जगातील नामवंत धावपटूंची वाटचाल हेच सांगते. मोरोक्कोचा हिशाम एल गरूज लहानपणी फुटबॉलचा गोलरक्षक होता. तो धावण्याकडे वळला आणि १९९८ साली त्याने १५०० मीटरचा जागतिक विक्रम ३ मिनिटे २६ सेकंदांवर नेला. ५००० मीटरचे अंतर त्याने कारकिर्दीच्या उत्तरार्धात हाती घेतले आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दोन्ही अंतरांत सुवर्णपदके मिळविली. ब्रिटनच्या मो फराह याचे बालपणीचे स्वप्न फुटबॉलपटू होण्याचे होते. त्याच्यातील धावपटू ओळखला तो शाळेतील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक ॲलन वॉटकिन्सन यांनी. २००६ साली ५००० मीटरमध्ये युरोपीय रौप्यपदक, २०१२ व २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये ५००० व १०००० मीटरची सुवर्णपदके, आणि २०१८ साली शिकागो मॅरेथॉनमध्ये विजय, अशी त्याची चढण आहे. पायरीपायरीने गेलेली ही वाट बारा वर्षांची आहे.

आपल्या राज्यातील उदाहरण खो-खोचे आहे. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत. पुढे त्या लांब पल्ल्याकडे वळल्या. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या प्रथम आल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळा शर्यतीची अंतिम फेरी त्यांनी गाठली. मैदानी खेळाने घडविलेली चपळाई लांब पल्ल्यास मारक नसते, किंबहुना उपकारकच ठरते, याची ही साक्ष होय.

मग शाळेच्या व गावाच्या पातळीवर काय करता येईल? प्रथम गती. सुरुवातीचे दोन-तीन महिने बहुतेक धाव इतक्या संथ गतीने व्हावी की, धावता धावता सोबत्याशी बोलता यावे. झेप घेण्याची सवय जडलेल्या खेळाडूस ही गती कमीपणाची वाटते. ती तशी नाही, हे शिक्षकांनी पटवून द्यावे. दुसरे अंतर. आठवड्याच्या एकूण धावेत दर आठवड्यास दहाव्या हिश्श्याहून अधिक भर घालू नये, हा जगभर रुळलेला ठोकताळा आहे. आठवड्यातून एक दिवस थोडी लांब धाव, एक दिवस वेगाचा सराव आणि एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. फुटबॉलचा सामना असेल त्या आठवड्यात तो सामना वेगाच्या सरावात धरावा. आधी १५०० मीटर, मग ३०००, मग ५००० असा क्रम राखावा. दुखणे धावताना वाढत असेल तर धाव थांबवावी, आणि छातीत कळ किंवा भोवळ आल्यास डॉक्टरांकडे तत्काळ न्यावे.

वाटेची निवडही विचारपूर्वक व्हावी. खोपोली, खालापूर व चौक या गावांवरून जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता वाहनांनी गजबजलेला असतो. त्याच्या कडेने अंधारात धावणे म्हणजे जिवाशी खेळ होय. गावाचे मैदान, मुरमाचे रस्ते, कापणीनंतरची खाचरे हीच सुरक्षित जागा. शिवाय तेथे पायांस आघातही कमी बसतो. माथेरानच्या लाल मातीच्या वाटांवर खाजगी मोटारी नाहीत, हे भाग्यच म्हणावयाचे. मात्र नेरळहून घाट चढत धावणे हे नवशिक्याचे काम नव्हे. एप्रिल-मे मध्ये धाव पहाटेच व्हावी.

आहाराकडे दुर्लक्ष झाल्यास सारे कष्ट व्यर्थ जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तातील लोह कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम वाढत नाही. यास्तव धावू इच्छिणाऱ्या मुला-मुलींची, विशेषतः मुलींची, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यावी. नाचणीची भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या व शेंगदाणे हे या भागाचे अन्न धावपटूस उत्तम आहे; ते पुरेसे मिळते की नाही, एवढेच पाहावयाचे.

शेवटी ग्रामपंचायतींविषयी. जत्रा, जयंती वा राष्ट्रीय सणाच्या दिवशी गावोगाव शर्यती भरविल्या जातात, ही स्तुत्य गोष्ट आहे. परंतु रोख बक्षिसाच्या ओढीने शाळकरी मुले दहा-दहा किलोमीटर धावू लागतात, तेव्हा आयोजकांनी वयाचा विचार केलाच पाहिजे. १९९९ ते २०१७ या काळात भरलेल्या १८ वर्षांखालील जागतिक मैदानी स्पर्धांत सपाट धावेचे कमाल अंतर ३००० मीटर होते. जगातील निवडक मुलांना जी मर्यादा, ती आपल्या वाडीतील मुलांना नको काय? वयोगटानुसार अंतर, मार्गावर पाणी, प्रथमोपचाराची सोय आणि वाहने रोखण्यास स्वयंसेवक, एवढी व्यवस्था पंचायतीच्या आवाक्यातील आहे. वर्षभर सपाट राखलेले एक मैदान तर बक्षिसाच्या रकमेपेक्षा मोलाचे ठरेल.

शिक्षकाने मुलातील दम ओळखावा, पंचायतीने त्यास जागा द्यावी, आरोग्य केंद्राने त्याची प्रकृती पाहावी आणि सर्वांनी मिळून त्यास अवधी द्यावा. भाताचे रोप लावणीनंतर ओढून उंच होत नाही, हे या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यास सांगावयास नको. धावपटूच्या बाबतीतही तोच न्याय लागू आहे.