टाइमशीटमध्ये नसलेला रकाना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



कामाच्या तासांचा प्रश्न निघाला की डोळ्यांपुढे गिरणीचा भोंगा उभा राहतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली, हा इतिहास कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. परंतु जेथे भोंगा वाजत नाही, त्या कचेऱ्यांत वेळेचे मोजमाप कसे होते, याकडे चळवळीने पुरेसे लक्ष दिलेले नाही. सनदी लेखापालांची पेढी हे त्याचे बोलके उदाहरण होय. कारण तेथे विकावयाचा माल म्हणजे कर्मचाऱ्यांचा वेळच.

अशा पेढीत, विशेषतः मोठ्या पेढीत, प्रत्येक कर्मचारी आपल्या तासांचा तक्ता भरतो. त्यास टाइमशीट म्हणतात. त्यात वेळेचे दोन वर्ग असतात. एखाद्या ग्राहकाचे लेखापरीक्षण, करविवरण वा सल्ला यांसाठी खर्ची पडलेला आणि त्या ग्राहकाच्या नावे मांडता येणारा वेळ ‘बिलेबल’. प्रशिक्षण, नव्या अधिसूचनांचे वाचन, अंतर्गत बैठका, नवे काम मिळविण्याची खटपट यांत गेलेला वेळ ‘नॉन-बिलेबल’. एकूण तासांपैकी बिलेबल तास किती, या गुणोत्तरावर कर्मचाऱ्याची कामगिरी जोखली जाते. वर्गीकरण मुळात गैर नव्हे. कोणत्या कामास किती श्रम लागले, हे कळल्यावाचून शुल्क ठरविता येत नाही. उद्या पेढी सहकारी तत्त्वावर चालविली, तरी ही नोंद ठेवावीच लागेल.

प्रश्न आहे तो वर्ग ठरवितो कोण, हा. ग्राहकाच्या कचेरीत खतावणीची वाट पाहण्यात गेलेले दोन तास कोणत्या रकान्यात जातात? नवख्या उमेदवाराला बँकेचे मेळपत्रक तपासावयास शिकविण्यात गेलेला तास कोणाच्या नावे लिहावयाचा? यांचे उत्तर वेळेच्या स्वरूपात सापडत नाही. ते पेढीच्या मालकांच्या निर्णयात असते. आणि तो निर्णय एकदा झाला की ‘नॉन-बिलेबल’ या शब्दाला हळूहळू ‘निरुपयोगी’ असा अर्थ चिकटतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नागरी सहकारी बँकेच्या एका शाखेच्या तपासणीसाठी पेढीने छत्तीस तासांचा अंदाज बांधला. काम करणाऱ्या सहायिकेला प्रत्यक्षात चव्वेचाळीस तास लागले. त्याच आठवड्यात शिकविणे, वाचन आणि बैठका यांत तिचे बारा तास गेले. एकूण तास झाले छप्पन्न. परंतु अंदाज ओलांडला तर जाब द्यावा लागतो. म्हणून ती छत्तीस आणि बारा, असे अठ्ठेचाळीसच लिहिते. उरलेले आठ तास बिलेबलही नाहीत आणि नॉन-बिलेबलही नाहीत. ते घडलेच नाहीत! पुढल्या वर्षीचा अंदाज पुन्हा छत्तीस तासांचाच बांधला जातो, कारण ‘गतवर्षी तेवढ्यात काम झाले होते’. तक्त्यात नसलेला हा तिसरा रकाना हेच या विषयाचे मर्म होय.

वेठबिगारीत आपले दिवस कोणते आणि जमीनदाराचे कोणते, हे कुळाला दिसत असे. मजुरीच्या व्यवस्थेत ती सीमारेषा झाकली जाते, असे मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात दाखविले. टाइमशीट पाव-पाव तासाचा हिशेब मागते, तेव्हा ती रेषा पुन्हा उघडी होईल असे वाटते. वस्तुतः घडते ते उलटे. ज्या श्रमाचा मोबदला कोणीच देत नाही, तो श्रम कर्मचाऱ्याच्याच हाताने पुसून घेतला जातो.

याची पहिली झळ आर्टिकलशिप करणाऱ्या उमेदवारांना बसते. २०२३ च्या नव्या योजनेत ही उमेदवारी तीनऐवजी दोन वर्षांची झाली. उमेदवाराला मिळते ते विद्यावेतन. त्याचे तास मात्र ग्राहकाच्या नावे मांडता येतात. त्याला शिकविणाऱ्याचे तास मांडता येत नाहीत. मग शिकविणेच आखडते, यात नवल काय?

दुसरी झळ समाजाला बसते. वैधानिक लेखापरीक्षणाचे शुल्क बहुधा ठोक ठरलेले असते. तास वाढले म्हणून ते वाढत नाही. वाढीव तासांचा भार पेढीवर पडतो आणि पेढी तो खाली ढकलते. घाईत केलेल्या तपासणीवर सही मात्र तीच असते. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा आपल्याच ठेवी काढण्यासाठी रांगा लावणारे लोक सामान्य होते. त्या प्रकरणाची कारणे निराळी, कर्जे दडविण्याची होती. परंतु तपासनिसाची नजर सैल पडली तर किंमत कोण मोजतो, हे त्या रांगांनी दाखविले.

२०२४ मध्ये पुण्यातील एका तरुण सनदी लेखापालाच्या मृत्यूनंतर अशा पेढ्यांतील कामाच्या ओझ्याची देशभर चर्चा झाली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनिक मर्यादा दहा तासांवर नेण्यास मान्यता दिली. चर्चेनंतर पाऊल पडले ते हे! परंतु मर्यादा नऊची असो वा दहाची, न लिहिलेल्या तासांना कोणताच कायदा लागू होत नाही.

यास्तव मागण्या साध्या आहेत. प्रत्यक्ष लागलेले सर्व तास लिहिण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा आणि तसे लिहिल्याबद्दल त्याला जाब विचारला जाऊ नये. शिकणे व शिकविणे यांना कामाचा दर्जा मिळावा आणि त्यासाठी तास राखून ठेवावेत. टाइमशीटची प्रत कर्मचाऱ्याच्या हाती राहावी व जादा कामाच्या मोबदल्यासाठी ती पुरावा मानली जावी. सार्वजनिक ठेवी स्वीकारणाऱ्या संस्थांच्या लेखापरीक्षणास किती तास लागले, हे सभासदांपुढे ठेवले जावे.

हा वर्ग स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास कचरतो, हे खरे. पण घड्याळाशी ज्याचे पोट बांधलेले आहे, त्याला दुसरे नाव नाही. गिरणी कामगाराने भोंग्याविरुद्ध झगडून आपला रविवार मिळविला. कचेरीतील कामगाराने आधी आपला खरा तास लिहावयास शिकले पाहिजे. आणि तो लिहिताना तो एकटा पडणार नाही, याची हमी संघटनेने दिली पाहिजे.