दहा वजनगट, अकरा पैलवान

(स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर, ऑक्टोबर २०२५)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिलीत आणि दोन अटी घातल्यात. अमेरिकेतल्या पगारावर बोलायचं नाही आणि बर्फाचे फोटो दाखवायचे नाहीत. या दोन गोष्टी वगळल्या तर माझ्याकडे कुस्तीच उरते. समोर पी.टी.चे सर बसलेत, मागच्या रांगेत तालमीत लहानाचे मोठे झालेले निदान सहाजण दिसताहेत, तेव्हा विषय चालेल असं धरतो. मी स्वतः आखाड्यात कधी चमकलो नाही हे तुम्ही सगळे जाणता. पण मैदानाच्या कडेला बसून ‘याची जोड कुणाशी लागणार’ यावर तासन्‌तास बोलणाऱ्यांत मी पहिल्यापासून होतो. ती सवय घेऊनच मी पेनसिल्व्हेनियात गेलो, आणि नशिबानं अशा भागात जाऊन पडलो की तिथल्या माणसांनाही हाच रोग आहे.

तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाचा कुस्तीसंघ आजच्या घडीला अमेरिकेतला सगळ्यांत बलाढ्य कॉलेजसंघ आहे. २०११ पासून त्यांनी बारा वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलंय. २०२० साली करोनामुळे स्पर्धाच झाली नाही, ते वर्ष सोडा. त्यांचे वस्ताद केल सँडरसन. कॉलेजात असताना १५९ कुस्त्या, एकही हार नाही, आणि नंतर २००४ ला अथेन्समध्ये ऑलिम्पिक सुवर्ण. माणूस इतका कमी बोलतो की पत्रकार रडकुंडीला येतात. यादीबद्दल तर तो काहीच सांगत नाही. म्हणून आमच्यासारख्यांना उन्हाळाभर काम मिळतं : येत्या हंगामात कोणत्या वजनाला कोण उतरणार?

आधी खेळ थोडक्यात सांगतो, कारण ही आपली मातीची कुस्ती नव्हे आणि ऑलिम्पिकची फ्रीस्टाइलही नव्हे. तिथं याला फोकस्टाइल म्हणतात. एकेरी पट काढून समोरच्याला खाली घेतलं की तीन गुण. आता खालच्यानं सुटून उठायचं, त्याचा एक गुण. वरच्यानं त्याला दाबून ठेवायचं. सुटलेल्यापेक्षा एक मिनिट जास्त वेळ वर राहिलात तर त्याचाही एक गुण. आपल्याकडे जो वर बसून नुसता वेळ काढतो त्याला प्रेक्षक शिव्या घालतात. तिथं त्या कलेचं कौतुक होतं. कुस्ती सात मिनिटांची. पाठ टेकली की आपल्यासारखाच निकाल.

वजनगट दहा : १२५, १३३, १४१, १४९, १५७, १६५, १७४, १८४, १९७ आणि २८५ पौंड. किलोत म्हणाल तर साधारण ५७ पासून १२९ पर्यंत. सर, आपले खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत ज्या ५७ किलोला ब्राँझ जिंकले, तो जवळजवळ यातला पहिला गट. आणि खाशाबाही कॉलेजचेच पैलवान होते, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. त्यांना पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. तिकडे कॉलेजच्या कुस्तीला हजारोंची गर्दी लोटते, तेव्हा मला हटकून खर्डेकर आठवतात.

हे आकडे असे विचित्र का, १२५, १३३? त्यामागची गोष्ट वाईट आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, जेमतेम पाच आठवड्यांत, तीन वेगवेगळ्या कॉलेजांची तीन मुलं वजन उतरवताना मेली. रबरी कपडे घालून, तापवलेल्या खोलीत, पाणी तोडून व्यायाम करत होती. त्यानंतर रबरी कपडे आणि वाफेच्या खोल्या बंद झाल्या, वजन कुस्तीच्या अगदी आधी घ्यायला लागले, हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाची चरबी मोजून ‘याच्याखाली तुला उतरता येणार नाही’ असा आकडा ठरवून द्यायला लागले, आणि हेवीवेट सोडून प्रत्येक गट सात पौंडांनी वर सरकवला. जुने ११८ चे १२५ झाले, १२६ चे १३३. म्हणजे या आकड्यांत ते सात पौंड अजून बसलेले आहेत. गेल्या वर्षी पॅरिसमध्ये विनेश फोगाटचं शंभर ग्रॅमनं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. वजन हा कुस्तीतला पहिला प्रतिस्पर्धी आहे, आणि यादीचा अंदाजही तिथूनच सुरू होतो. मुलगा अठराव्या वर्षी १२५ असतो, विसाव्या वर्षी तो तिथं राहत नाही. तो वर सरकला की वरच्यानं काय करायचं?

याचं सगळ्यांत सुंदर उदाहरण मागच्या हंगामातलं. कार्टर स्टारॉची १७४ ला चार वेळा राष्ट्रीय विजेता झालेला. करोनामुळे सगळ्यांना एक वर्ष जादा मिळालं होतं, म्हणून तो पाचव्यांदा आला, पण १८४ ला. १७४ रिकामं झालं. तिथं आला लेव्हाय हेन्स, जो आदल्या वर्षी १५७ ला विजेता होता. एकदम दोन गट वर! मग १५७ रिकामं. तिथं १४९ चा टायलर कॅसॅक आला. आणि १४९ ला जखमेतून बरा झालेला शेन व्हॅन नेस परतला. वरचा एकजण हलला आणि खाली तिघांची घरं बदलली. शेवट असा की स्टारॉची पाच विजेतेपदं मिळवणारा इतिहासातला पहिला ठरला, आणि मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पेन स्टेटनं १७७ गुणांचा नवा विक्रम केला. दुसऱ्या आलेल्या नेब्रास्काचे होते ११७.

आता गंमत बघा. या १७७ गुणांत विजेते किती? फक्त दोन. स्टारॉची आणि १६५ चा मिचेल मेसनब्रिंक. पण दहाच्या दहा मुलांनी पहिल्या आठांत जागा मिळवली, आणि त्यातले बहुतेक तिसरे आले. हिशेब असा : पहिल्याला १६, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १०, चौथ्याला ९, असं आठव्याच्या ३ पर्यंत. शिवाय प्रत्येक विजयाला थोडे, आणि चितपट केलं किंवा मोठ्या फरकानं हरवलं तर वर आणखी. म्हणून उपांत्य फेरीत हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या तोंडानं उतरतो, यावर संघाचं नशीब असतं. फोटो विजेत्याचा छापतात, पण ढाल तिसऱ्यांच्या खांद्यावरून येते. अंदाज बांधणारे नेमके इथंच चुकतात, ते फक्त विजेते मोजतात.

तर येत्या हंगामाची यादी. नोव्हेंबरात सुरुवात आहे. स्टारॉची गेला, हेवीवेटचा ग्रेग कर्कव्हलीट गेला, १४१ चा बो बार्टलेट गेला. तीन खड्डे. १८४ चा खड्डा सोपा आहे. ओहायो स्टेटहून रॉको वेल्श आलाय, २०२४ चा १७४ चा उपविजेता. हल्ली मुलं एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे सहज जातात. आपल्याकडे पैलवान तालीम बदलतो तेव्हा गावात जी कुजबुज होते ती तिथंही होते, फक्त ती आता वर्षभर चालते. हेवीवेटला मी कोल मिरासोलाचं नाव लिहितो. तरुण आहे, १२९ किलोच्या गटात वय लागतं, म्हणून तिथून फार गुण धरत नाही. १४१ ला ब्रेडन डेव्हिस. पहिल्या वर्षी १२५, मग १३३, यंदा १४१. दरवर्षी एक पायरी, आईच्या हातचं खाणारा मुलगा दिसतो! तो वर गेला की १३३ मोकळं, आणि तिथं मार्कस ब्लेझ हा नवा मुलगा, ज्याच्यासाठी देशभरची कॉलेजं मागे लागली होती. १२५ ला ल्यूक लिलेडाल, १४९ ला व्हॅन नेस, १६५ ला मेसनब्रिंक, १७४ ला हेन्स, १९७ ला गतवर्षीचा उपविजेता जॉश बार. यावर कुणी वाद घालत नाही.

नऊ झाले. राहिलं १५७, आणि माझं खरं भाषण इथंच आहे.

टायलर कॅसॅक कोण, ते सांगतो. २०२४ ला तो पहिल्या वर्षाचा मुलगा. त्याला त्या हंगामात खेळवायचंच नव्हतं. तिथं पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, म्हणून बरेच वस्ताद पहिलं वर्ष नुसती मेहनत करून घेतात. त्याला रेडशर्ट म्हणतात. पण व्हॅन नेस जखमी झाला आणि कॅसॅकला मधूनच उतरवलं. राष्ट्रीय स्पर्धेत पहिलीच कुस्ती हरला. एका गटात तेहतीस मुलं असतात. पहिलीच हरलात की पराभूतांच्या बाजूनं चढत जायचं, पुढे एक हरलात की घरी. तो तिथून सलग सात जिंकला आणि तिसरा आला. तीन दिवसांत सात! गेल्या वर्षी गट बदलला, परत तिसरा. आपण मघाशी ज्या तिसऱ्यांबद्दल बोललो, त्यांचा हा मुकुटमणी.

आणि यंदा आलाय पी. जे. ड्यूक. अजून कॉलेजात एक कुस्ती खेळलेला नाही. पण जूनमध्ये त्यानं कॉर्नेलच्या यियानी डायकोमिहालिसला, म्हणजे चार वेळच्या राष्ट्रीय विजेत्याला, हरवून अमेरिकेच्या थोरल्या संघात ७० किलोची जागा घेतली. वजन १५७. खाली व्हॅन नेस, वर मेसनब्रिंक, त्याच्यावर हेन्स. कॅसॅकला सरकायला जागाच नाही.

सर, आपल्या वेळी जिल्ह्याला एका वजनाला एकच नाव जायचं. तुम्ही आदल्या आठवड्यात शाळेमागच्या आखाड्यात दोघांची चाचणी लावायचात, आणि हरलेला मुलगा सोमवारी प्रार्थनेला कसा उभा राहायचा ते आम्ही पाहिलंय. त्यातला एक आज इथं आहे, तो हसतोय. त्याला दुसऱ्या वर्षी संधी मिळाली होती. कॅसॅकलाही मिळू शकते, कारण पहिल्या वर्षी मोडलेला तो रेडशर्ट अजून त्याच्या खात्यावर शिल्लक आहे. माझा अंदाज असा : यंदा ड्यूक खेळेल, कॅसॅक बसेल. पुढच्या वर्षी हेन्सचं १७४ रिकामं होईल आणि घरं परत बदलतील. हे लगेच कळणार नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाला काही मोजक्या दिवशी उतरवूनही त्याचा रेडशर्ट शाबूत राहतो, त्यामुळे सँडरसन जानेवारीपर्यंत पत्ते झाकून ठेवू शकतो, आणि ठेवेलच.

माझे तिकडचे मित्र म्हणतात, कॅसॅकनं दुसरीकडे जावं. देशातल्या बाकी बहुतेक संघांत तो उद्या सकाळी पहिला येईल. बरोबर आहे. पण ज्या खोलीत रोज मेसनब्रिंक आणि व्हॅन नेसशी जोड करायला मिळते ती खोली सोडायची का, हा प्रश्न आपल्याकडच्या वस्तादाला विचारा, तो काय उत्तर देईल ते तुम्हाला ठाऊक आहे. मी कॅसॅकच्या जागी असतो तर राहिलो असतो. त्याच्या खालच्या मुलांचं दुखणं मात्र वेगळंच आहे. यंदापासून न्यायालयातल्या तडजोडीनंतर मोठ्या विद्यापीठांच्या कुस्तीसंघात तीसच नावं ठेवायची मुभा आहे. शिष्यवृत्त्या पूर्वी संघाला मिळून दहासुद्धा नव्हत्या, त्या आता वाढवता येतील, हे चांगलं. पण स्वतःच्या खर्चानं येऊन चार वर्षं दुसऱ्यांच्या अंगाखाली मेहनत करणारी जी मुलं असायची, त्यांना जागा उरणार नाही. ड्यूकला उद्या सरावाला जोड कोण देणार, याचं उत्तर मला त्या तडजोडीत दिसत नाही.

निकालाचा अंदाज विचारलात तर : पेन स्टेट जिंकेल. ओक्लाहोमा स्टेटकडे डेव्हिड टेलर वस्ताद म्हणून आलाय, सँडरसनचाच पठ्ठा, टोकियोचा सुवर्णविजेता. मागच्या मार्चमध्ये त्याच्या हेवीवेटनं, वायट हेंड्रिक्सननं, शेवटच्या क्षणी गेबल स्टीव्हसन या ऑलिम्पिक विजेत्याला खाली घेतलं, तेव्हा घरात मी इतका ओरडलो की शेजारीण बघायला आली. हा संघ दोन-तीन वर्षांत गुरूला भिडेल. यंदा नाही. १७७ चा विक्रम मोडेल का? माझ्या वहीत चार विजेते आहेत : व्हॅन नेस, मेसनब्रिंक, हेन्स, बार. १३३ आणि १५७ ची नवी मुलं पहिल्या तिनांत आली तर मोडेल. हेवीवेट पहिल्या आठांत आला नाही तर नाही.

राष्ट्रीय स्पर्धा १९ ते २१ मार्चला क्लीव्हलँडमध्ये आहे. अंतिम कुस्त्या शनिवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे रविवारची पहाट. यादीचा कागद मी चहाच्या टेबलावर ठेवलाय, दहाही नावं लिहून. ज्याला १५७ ला कॅसॅक लिहायचाय त्यानं खाली आपलं नाव टाकावं. पी.टी.च्या सरांनी मघाशीच टाकलंय.