ज्यांना समाधी नाही



नेवाळकर घराण्यामुळे पारोळ्याचे नाव झाशीच्या राणीशी कायमचे जोडले गेले आहे. राणीने देह ठेवला ग्वाल्हेरला. तेथे तिची समाधी आहे, जाऊन नतमस्तक होता येते. आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, त्यांच्यासाठी माथा टेकवायला जागाच नाही. ते म्हणजे महायुद्धात बुडालेल्या व्यापारी जहाजांवरचे अभियंते आणि त्यांच्या हाताखालचे आगवाले, तेलवाले.

खानदेशात राहणाऱ्या आपल्याला जहाज म्हटले की कप्तान आठवतो. अभियंता कुणाला दिसतच नाही. तो पाण्याच्या पातळीखाली, बॉयलरच्या धगीत उभा असतो. चार तास पाळी, आठ तास विश्रांती, पुन्हा पाळी. वर उजाडले की मावळले, हे त्याला घड्याळ सांगते. इंजिन बंद पडले की जहाज जागीच खिळते, म्हणून शत्रूला तोच भाग हवा असतो. तेथे टॉर्पेडो लागला तर वाफेचे नळ फुटतात, दिवे जातात, पाणी चढू लागते, आणि सुटकेला असते एक उभी लोखंडी शिडी.

‘तिलावा’ हे जहाज 20 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले. जहाजावर 958 माणसे होती. 23 तारखेला रात्री दोनच्या सुमारास जपानी पाणबुडीने टॉर्पेडो डागला. खाली बारा ते चारची पाळी चालू असण्याची ती वेळ. जहाज लगेच बुडाले नाही. होड्यांत उतरलेले काहीजण परतलेसुद्धा. मग दुसरा टॉर्पेडो आला. 280 जीव गेले.

ते युद्ध इंग्रजांचे होते, त्याचे आपल्याला काय, असे कुणी म्हणेल. मला हा हिशेब पटत नाही. पाळी सोडून न पळणाऱ्याचे कर्तव्य झेंड्यावरून मोजायचे नसते. शिवाय ‘डफरिन’ या प्रशिक्षण नौकेवर 1935 पासून भारतीय मुले सागरी अभियांत्रिकी शिकू लागली होती. स्वतंत्र भारताची जहाजे पुढे अशाच हातांनी चालवली.

मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात सागराने गिळलेल्या सुमारे साडेसहा हजार नाविकांची स्मृती तेथे जपली आहे. त्या बाजूने रोज हजारो माणसे जातात. आत किती वळतात?

‘तिलावा’च्या पोटात चांदीच्या 2364 विटा होत्या. 2017 साली त्या समुद्रतळावरून वर काढल्या गेल्या आणि त्यांचा वाद 2024 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. माणसांसाठी मात्र मुंबईत स्मृतिसभा भरली ती 2022 साली, जहाज बुडाल्यावर ऐंशी वर्षांनी. तीही कुटुंबीयांच्या पुढाकाराने.