यादीत नाव नसलं तर



बारावीचा निकाल लागून गेला, सीयूईटीचे गुण हाती आले, आणि आता विद्यापीठांच्या प्रवेशयाद्या एकामागून एक लागताहेत. वाराणसीत राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी शिक्षकाच्या घरचा फोन या दिवसांत थांबत नाही. नांदेडहून, चंद्रपूरहून, बेळगावहून फोन येतात. बोलतात बहुतेक वेळा वडील. मुलगा किंवा मुलगी मागे कुठेतरी गप्प बसलेली असते. प्रश्न ठरलेला असतो : "सर, बीएचयूच्या यादीत नाव नाही. आता काय करायचं?"

मराठी घरांमध्ये बीएचयूची, म्हणजे काशी हिंदू विश्वविद्यालयाची ओढ जुनी आहे. विद्यापीठाचे संस्थापक मालवीयजींनी कोल्हापूरच्या विष्णु वासुदेव नारळीकरांना केंब्रिजहून इथे गणित शिकवायला बोलावलं, आणि त्यांचे चिरंजीव, खगोलशास्त्रज्ञ जयंतराव याच आवारात लहानाचे मोठे झाले. प्राचीन इतिहासाची गादी कोल्हापूरकडच्याच डॉ. अनंत सदाशिव आळतेकरांनी कितीतरी वर्षं सांभाळली. तेव्हा लातूरच्या किंवा सांगलीच्या मुलीनं बीएचयूच्या, लंका भागातल्या त्या सिंहद्वाराचं चित्र टेबलासमोर लावलं, तर त्यात नवल नाही. आणि यादीत नाव न दिसल्यावर ती दोन दिवस जेवली नाही, तर तिला "एवढं काय त्यात" असं म्हणू नये. तिच्या वयाला ते एवढंच मोठं असतं.

पण त्या दोन दिवसांनंतर घरात जे बोललं जातं, त्याबद्दल मला आज बोलायचं आहे. एक तर "राहू दे, इथल्याच कॉलेजात घाल नाव" असं होतं, नाहीतर "एक वर्ष थांब, पुन्हा परीक्षा दे." वर्षभर थांबण्याला माझा सरसकट विरोध नाही. एखाद्या मुलाचे गुण आजारपणामुळे गेले असतील, तर थांबावं. पण नुसत्या नावासाठी अठराव्या वर्षी घरात एकटं बसवून ठेवणं मला क्रूर वाटतं. त्या वर्षात वर्गमित्र पुढे जातात, घरातली माणसं रोज चेहरा वाचत राहतात, आणि ज्या विषयाच्या प्रेमापोटी हे सगळं सुरू झालं, तोच विषय नकोसा होतो.

खरं म्हणजे बीएचयूच्या यादीबाहेर काशीत काय काय आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. आधी सगळ्यात जवळची गोष्ट सांगतो. शहरात चार महाविद्यालयं अशी आहेत की, तिथे शिकणाऱ्याला पदवी बीएचयूचीच मिळते : राजघाटचं वसंत महिला महाविद्यालय, कमच्छाचं वसंत कन्या महाविद्यालय, चेतगंजचं आर्य महिला आणि औसानगंजचं डीएव्ही. पहिली तीन मुलींसाठी आहेत. काउन्सेलिंगमध्ये पसंतीक्रम भरताना ही नावं समोर येतात, आणि आईवडील ती गाळायला सांगतात, कारण त्यांना 'मेन कॅम्पस' हवा असतो. मग मेन कॅम्पसची यादी थांबते आणि हातात काहीच उरत नाही. दर वर्षी हे पाहतो आणि दर वर्षी जीव हळहळतो.

लातूरची एक मुलगी मला आठवते. तिला पुरातत्त्व शिकायचं होतं. आळतेकरांच्या त्या विभागात शिकायला मिळावं, हीच तिची एकमेव इच्छा. मुख्य आवारात नाव लागलं नाही, राजघाटला लागलं. वडील म्हणाले, घरी जाऊ. मी म्हटलं, निदान बघून तरी जाऊ. आम्ही तिघं रिक्षानं काशी स्टेशनच्या बाजूला गेलो. वसंत महिला महाविद्यालय ॲनी बेझंट यांनी १९१३ साली सुरू केलेलं. आज ते कृष्णमूर्ती फाउंडेशनच्या आवारात आहे, गंगेच्या उंच काठावर. तिथून जवळच लाल खानाचा मकबरा आहे, आणि त्याच कुंपणात जुन्या काशीचं उत्खनन उघडं ठेवलेलं आहे. १९४० साली स्टेशनच्या कामासाठी रेल्वेनं इथली माती काढली, तेव्हा खालून भाजलेल्या मातीच्या मुद्रा निघाल्या. पुढे बीएचयूनंच इथे रीतसर उत्खनन केलं. विटांच्या भिंती, विहिरींची गोल तोंडं, एकावर एक बसलेले वस्तीचे थर. मुलगी वाकून ते थर बोटानं हवेत मोजत होती. वडील मकबऱ्याच्या पायरीवर बसून तिच्याकडे बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "वसतिगृहाची फी किती असेल हो?"

ज्या विषयासाठी ती आठशे मैलांवरून आली होती, तो विषय तिच्या वर्गापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर जमिनीत होता. मेन कॅम्पसमध्ये नाव लागलं असतं, तर तिला इथे यायला शहर ओलांडावं लागलं असतं.

बीएचयूच्या छत्राबाहेरही काशीत पुष्कळ आहे. भोजुबीरचं उदय प्रताप कॉलेज, ज्याला इथे सगळे यूपी कॉलेज म्हणतात, ते भिनग्याच्या राजांनी १९०९ साली क्षत्रिय मुलांच्या शाळेच्या रूपात सुरू केलेलं. आज ते सर्वांचं आहे, आणि आवार एवढं मोठं की नवखा माणूस हरवतो. हिंदीतले थोर समीक्षक नामवर सिंह आधी या आवारात शिकले आणि मग बी.ए.साठी बीएचयूत गेले; कवी केदारनाथ सिंह इथे पदवी घेऊन एम.ए.साठी तिकडे गेले. पदवी एका ठिकाणी आणि पदव्युत्तर दुसऱ्या ठिकाणी, हा मार्ग तेव्हाही होता आणि आजही आहे. पालकांना हे सांगितलं की त्यांच्या आवाजातला ताण उतरतो. तीन वर्षांनी पुन्हा एक प्रवेशपरीक्षा असते, आणि ती देताना मुलगा विषय शिकून आलेला असतो.

आता ज्या संस्थेबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे तिच्याकडे येतो. कॅन्ट स्टेशनजवळचं काशी विद्यापीठ. आज त्याचं नाव महात्मा गांधी काशी विद्यापीठ. ही संस्था जन्मालाच आली ती दुसरीकडे न शिकणाऱ्यांसाठी. असहकाराच्या हाकेसरशी मुलांनी सरकारी शाळा-कॉलेजं सोडली. त्यांचं पुढे काय करायचं? बाबू शिवप्रसाद गुप्त आणि डॉ. भगवानदास यांनी १० फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते हे विद्यापीठ सुरू केलं. इंग्रज सरकारच्या लेखी इथल्या पदवीला किंमत नव्हती. अशा पदवीसाठी शिकायला बसणं, म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. तरी मुलं बसली. त्यातल्या एका मुलानं मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आलेली असताना हरिश्चंद्र हायस्कूल सोडलं होतं. १९२५ साली त्याला इथली 'शास्त्री' ही पदवी मिळाली आणि ती त्याच्या नावाला कायमची चिकटली. लाल बहादूर शास्त्री. त्यांच्याबरोबरचे त्रिभुवन नारायण सिंह आणि कमलापती त्रिपाठी हे दोघं पुढे उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री झाले.

या शिवप्रसाद गुप्तांचा आणि आपल्या पुण्याचा संबंध मराठी माणसानं माहीत करून घ्यावा असा आहे. विद्यापीठाच्या आवारातच भारतमाता मंदिर आहे. १९३६ साली गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. आत मूर्ती नाही. जमिनीच्या पातळीवर संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा उठावाचा नकाशा आहे. कठड्याला टेकून खाली पाहिलं की हिमालयाची शिखरं उंच उठलेली दिसतात आणि आपली सह्याद्रीची रांग पश्चिमेला बारीक कण्यासारखी. ही कल्पना गुप्तांना सुचली पुण्यात. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमाला ते भेट द्यायला गेले होते, तिथे अंगणात मातीचा असा नकाशा केलेला त्यांनी पाहिला.

आणि देणं एकतर्फी राहिलं नाही. जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णासाहेबांच्या हाती आली ती या काशीच्या शिवप्रसाद गुप्तांकडून. १९१५च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद अण्णांकडे आलं, तेव्हा त्यांनी भाषणाचा विषयच महिला विद्यापीठ हा घेतला. १९१६ साली, म्हणजे ज्या वर्षी काशीत बीएचयूची कोनशिला बसली त्याच वर्षी, पुण्याजवळ हिंगण्याला मूठभर विद्यार्थिनींवर ते विद्यापीठ सुरू झालं. आजचं एसएनडीटी. त्याच्या पदव्यांनाही सरकारमान्यता नव्हती. कायद्यानं ती मिळाली १९५१ साली. पस्तीस वर्षं मुली अशा पदवीसाठी शिकत राहिल्या की, जिला सरकार पदवी म्हणत नव्हतं.

हे काम हाती घेणारा माणूस स्वतः केव्हा आणि कसा नाकारला गेला होता, ते ऐका. १८७५ साल. धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे. मुरूडला राहणाऱ्या या मुलाला सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि केंद्र होतं साताऱ्याला. अंतर सुमारे ११० मैल. पावसाचे दिवस. सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाटानं, पाठीवर ओझं घेऊन, भिजत, पाय सुजलेले, चौथ्या दिवशी साताऱ्याला पोचले. परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी अंगानं किरकोळ असलेल्या या मुलाकडे पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू द्यायला नकार दिला. गुण कमी पडले असं नाही. कागद तपासून झाला असंही नाही. नुसतं पाहून. पुन्हा तेवढंच अंतर तुडवत घरी. पुढच्या खेपेला त्यांनी साताऱ्याचा नाद सोडला आणि कोल्हापूरचं केंद्र धरलं. तिथे ते पास झाले. मॅट्रिक व्हायला तेविसावं वर्ष उजाडलं. मग मुंबईत आधी विल्सन कॉलेज, नंतर एल्फिन्स्टन, आणि १८८४ साली गणित घेऊन बी.ए.

फोनवरच्या वडिलांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ते कधीकधी म्हणतात, "सर, ते महर्षी होते." तेव्हा मी त्यांना सांगतो की, साताऱ्याहून परत निघालेला तो मुलगा महर्षी नव्हता. तो भिजलेला, थकलेला, खर्च वाया गेल्याची लाज वाटणारा एक कोकणातला पोर होता. त्याच्या घरच्यांनी त्याला दुसऱ्या केंद्रावर जाऊ दिलं. तेवढं आपण करू शकतो.

जाता जाता दोन ठिकाणं. संस्कृत शिकायचं असेल, तर संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय आहे. १७९१ सालच्या संस्कृत पाठशाळेतून वाढलेलं, आणि त्याच्या सरस्वती भवनात हस्तलिखितांचा प्रचंड साठा. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री १८४२ पासून तिथेच गणित शिकवत होते. आणि ज्यांना बौद्ध दर्शनात रस आहे, त्यांनी सारनाथची तिबेटी अध्ययनाची केंद्रीय संस्था जरूर पाहावी. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांमध्ये हा रस आहे, पण या संस्थेचं नाव पोचलेलं नाही.

कॉलेज निवडताना काय पाहायचं, असं विचाराल तर मी इमारत पाहायला सांगणार नाही. तुमच्या विषयाचे पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत ते विचारा. ग्रंथालयात जाऊन बसा, आणि तुमच्या विषयाच्या कपाटातली पुस्तकं मुलांच्या हाती दिली जातात का ते बघा. दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर गाठा. तास होतात की नाही, हे त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. पदवीच्या कागदावर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार, ते लेखी पाहून घ्या. मुलीसाठी वसतिगृह मिळतं का, नाहीतर राहायची खोली कॉलेजपासून किती लांब पडते आणि संध्याकाळी त्या वाटेवर वर्दळ असते का, हे आईनं स्वतः चालून बघावं.

आणि एक कामाची गोष्ट, जी ऐनवेळी फार जणांना अडवते. महाराष्ट्र राज्य मंडळातून बारावी झालेल्यांना परराज्यात प्रवेश घेताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. शाळा सोडल्याचा दाखला वेगळा आणि हे वेगळं. ते आपल्या विभागीय मंडळाकडून मिळतं आणि त्याला दिवस लागतात. यादीत नाव असो वा नसो, त्यासाठी आजच अर्ज करून ठेवा. यूपी कॉलेज आणि काशी विद्यापीठाचे अर्ज बीएचयूच्या काउन्सेलिंगपेक्षा वेगळे भरावे लागतात, तेव्हा त्यांच्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा. बीएचयूच्या पुढच्या फेऱ्या अजून व्हायच्या असतील आणि पसंतीक्रम बदलायची सोय खुली असेल, तर बीएचयूची पदवी देणाऱ्या त्या चार महाविद्यालयांपैकी जी लागू असतील ती त्यात घाला. मुलाला शेजारी बसवून घाला. क्रम त्याला ठरवू द्या.